पाऊण तास हात लावायचा नाही

"पाऊण तास हात लावायचा नाही," असं म्हणून नर्सनं माझ्या टाळूवर पांढरं मलम थापलं आणि त्यावरून डब्याला गुंडाळतात तसलं चिकट, पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं.

"खाज आली तर?"

"येणार नाही. बधिर होतं त्यानं."

"आणि पाऊण तासात माझं ठरलंच नाही तर?"

"त्यासाठीच तर पाऊण तास दिलाय की. मलम सगळ्यालाच लागतं. बाहेर बसा, कागद वाचा, नऊ नंबर पुकारला की कुठलं करायचं ते सांगा."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. सोलापुरातल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यातली शनिवारची सकाळ होती. स्कूटर मी मुद्दाम दोन गल्ल्या पलीकडे, टायरच्या दुकानासमोर लावली होती. अम्माला सांगितलं होतं की कारखान्यात जादा काम आहे. माझं वय तेहतीस. तोवर अकरा मुली बघून झाल्या होत्या आणि अकराही ठिकाणांहून 'कळवतो' असं कळवण्यात आलं होतं. माझी खात्री होती की सगळा घोटाळा डोक्यावर आहे.

आत बिराजदार मॅडमनी एक छोटं यंत्र टाळूवरून फिरवून पडद्यावर मला माझंच डोकं दाखवलं होतं. मी टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर टॉवेल उजेडात धरायचे, कुठं फासे सुटलेत, कुठं विरळ होऊन खालचं कापड दिसायला लागलंय ते बघायचं, आणि दोष सापडला की कोपऱ्याला लाल दोरा बांधून बाजूला टाकायचं, हे माझं काम. पडद्यावरचं ते डोकं कारखान्यात आलं असतं तर मी दोनदा विचार केला नसता.

"जिथं गुळगुळीत झालंय तिथं काही उगवणार नाही, मी खोटं सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण जे बारीक झालेत ते केस अजून जिवंत आहेत. त्यांना जाड करता येतं. कसं करायचं ते तुम्ही निवडा." आणि त्यांनी कागद पुढं केला.

कागदावर तीन प्रकार होते. पहिला पीआरपी. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर येणारं पिवळं पाणी परत आपल्याच डोक्यात टोचायचं. दुसरा जीएफसी. तेही आपलंच रक्त, पण वेगळ्या नळीत घालून त्यातला नेमका अर्क काढलेला. तिसरा एक्सोसोम. हे रक्त आपलं नाही, काहीच आपलं नाही, सगळं प्रयोगशाळेतून बाटलीत भरून येतं. या तिसऱ्यावर मॅडमनी पेनानं फुली मारली होती. "कागद कंपनीनं छापलाय, म्हणून त्यात आहे. याचा अजून पुरेसा पुरावा नाही. मी देत नाही."

त्यामुळे मला तेच करून घ्यावंसं वाटत होतं.

"तुमचं ठरलं का ओ?"

मी वळून बघितलं. शेजारी एक बाई बसली होती, म्हणजे बाई असावी. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा मलमानं पांढराफटक, त्यावर प्लास्टिक, आणि प्लास्टिकला डोळ्यांपुरती, नाकापुरती आणि तोंडापुरती भोकं. हातात माझ्यासारखाच कागद.

"नाही," मी म्हणालो. "तुमचं?"

"माझा घोळ वेगळाच आहे. तारुण्यपिटिका गेल्या पण खड्डे ठेवून गेल्या. आता एक तर सुया फिरवून त्यावर आपल्याच रक्ताचं पाणी लावायचं, नाहीतर हे." तिनं कागदावर बोट ठेवलं. "हे माशापासून काढतात. सालमन का कुठला मासा असतो, त्याचं."

"मग?"

"आज शनिवार आहे."

शनिवार बालाजीचा. आमच्या घरीही त्या दिवशी मासमच्छी घराच्या उंबऱ्याआत येत नाही. ती आमच्यापैकीच, पद्मशाली समाजातली असावी, हे मला तिथंच कळलं.

"खायचा नाही असं आहे," मी विचार करून म्हणालो. "टोचून घ्यायचा नाही असं कुठं सांगितलंय?"

"तेच मी सकाळपासून मनाला सांगायलीय. पण खाल्लेला मासा दोन दिवसांत जातो. हा तोंडावर राहणार. पुढच्या प्रत्येक शनिवारी मी देवापुढं मासा घेऊनच उभी."

मी म्हणालो, "नर्सला विचारा की."

"विचारलं. ती म्हणाली, मंगळवारी या."

मग तिनं माझा कागद सरळ ओढून घेतला.

"तुम्ही पहिलं करा. पीआरपी."

"का?"

"मी रक्तपेढीत कामाला आहे. ते गरगर फिरणारं यंत्र मी रोज चालवते. आपलंच रक्त आपल्याला परत, कुणाची ओळखपाळख लागत नाही. दुसरंही चांगलंच असेल, पण हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आणि ह्या फुली मारलेल्याकडं बघू नका. तुम्ही सारखं तिथंच बघायलाय."

मला आयुष्यात कुणी इतक्या लवकर ओळखलं नव्हतं. मी तिचा कागद घेतला.

"तुम्हीही रक्ताचंच करा. मासा नको."

"शनिवारमुळं?"

"शनिवारमुळं नाही. तुमच्या मनात एकदा खुसपट निघालंय ना, मग ते केल्यावर तुम्ही रोज आरशात चेहरा नाही, मासाच बघाल. मी टॉवेल तपासतो. नाकाला लावून बघितला तर कुठल्याही टॉवेलात काहीतरी सापडतंच. म्हणून आमच्याकडं नियम आहे, तीन फुटांवरून बघायचं. तीन फुटांवरून दिसला तरच तो दोष."

"मग माझं तीन फुटांवरून कसं आहे?"

"आत्ता तरी नुसतं मलम दिसतंय."

ती हसली. हसताना प्लास्टिक फुगलं आणि तिनं ते दोन्ही हातांनी घाईघाईनं दाबून धरलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि तिचं हसणं मध्येच तुटलं. "अगं बाई, आत्या," ती पुटपुटली. दारातून हिरव्या काठाची साडी नेसलेल्या एक बाई इकडंतिकडं बघत आत शिरत होत्या. शेजारी लपायला जागा नव्हती. माझ्या पिशवीत कारखान्यातला एक टॉवेल होता, लाल दोरा बांधलेला, परत जाताना डोकं झाकायला आणलेला. मी तो काढून तिच्या तोंडावर टाकला.

आत्याबाई नेमक्या आमच्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी माझ्या प्लास्टिककडं बघितलं, मग टॉवेलकडं बघितलं.

"काय झालंय ओ तुम्हाला?"

"डोकं दुखतंय," मी म्हणालो.

"आणि ह्यांना?"

"ह्यांचंही."

"दोघांचं एकदम?"

"उन्हातनं आलो."

डिसेंबर महिना होता. आत्याबाईंनी मान हलवली आणि विषय सोडून दिला, कारण त्यांना स्वतःला कुणी काही विचारू नये असं वाटत होतं. मानेवरची चामखीळ त्या पदरानं झाकून बसल्या होत्या. मग माझ्या आधीच दुसऱ्या खोलीच्या नर्सनं "दहा नंबर" पुकारलं. टॉवेल उठला, चाचपडत माझ्या गुडघ्यावर आपटला, सावरला आणि नर्सचा हात धरून आत निघून गेला. थोड्या वेळानं माझा नऊ नंबर आला. आत मी पीआरपी सांगितलं. बाहेर आलो तेव्हा दहा नंबर गेलेली होती आणि टॉवेलही.

पुढं तीन महिने, दर महिन्याला एका शनिवारी, मी डोकं टोचून घ्यायला गेलो. रोज रात्री मॅडमनी दिलेलं पाणी टाळूला चोळलं. दहा नंबर मला पुन्हा दिसली नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळेपासून मी केसांपेक्षा तिच्यासाठी जास्त जात होतो. नाव माहीत नाही, चेहरा बघितलेला नाही, तरी आवाज कानात होता. पण केस मात्र आले. नवे नव्हते, जुनेच, पण अंग धरून उभे राहिले. मी स्कूटरच्या आरशात बघू लागलो, दुकानांच्या काचांत बघू लागलो, ताटात आमटी वाढली की वाकून तिच्यातही बघू लागलो.

"बालाजीची कृपा," अम्मा म्हणायची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, इथं मराठीत सांगतो एवढंच. तिला दवाखान्याचं माहीत नव्हतं. ती मला चहा द्यायची आणि स्वतः कोमट पाणी घेऊन समोर बसायची. "पित्त झालंय," म्हणायची. मी बरं म्हणायचो आणि चहाच्या चकचकीत किटलीत केसांचा भांग बघायचो.

मे महिन्यात गाजुलांच्या घरी मुलगी बघायला गेलो. बारावी. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, सावळी, उंच, खाली मान घातलेली. आणि तिच्यामागून हिरव्या काठाची साडी आली. मानेवर चामखिळीच्या जागी छोटासा डाग होता. माझ्या हातातला चमचा खाली पडला.

"पद्मजा रक्तपेढीत असते," तिचे वडील म्हणाले.

मी मान वर केली. ती बशीकडं बघत होती. तिनं मला ओळखलं की नाही, काहीच कळेना. मी बोललो तर आत्याबाई आवाज ओळखतील, म्हणून मी बोलेना. अम्माच सगळी उत्तरं देत होती, माझ्या आवडीनिवडीसुद्धा.

आत्याबाई माझ्याकडं निरखून बघत होत्या. "मुलाचे केस चांगले आहेत हो," त्या शेवटी म्हणाल्या. "आमच्या पद्मजेसाठी आधी दोन स्थळं आली होती. दोन्ही वरून रिकामी. नाही म्हणून सांगितलं."

अम्मा हसली. मी हसलो. आतून मी देवाचे, मॅडमचे आणि माझ्या रक्ताचे आभार मानत होतो.

पोहे झाले, वर शिरा झाला. शिरा मी हातानं खाल्ला, बोटांना तूप लागलं. हात धुवायला मोरीवर गेलो, तर पद्मजा टॉवेल घेऊन उभी होती. मी हात पुसले. पुसता पुसता सवयीनं टॉवेल उजेडाकडं धरला, आणि कोपऱ्यात लाल दोरा दिसला. गाठ माझीच होती. मी डाव्या हातानं गाठ मारतो, ती उलटी बसते.

"डोकं दुखायचं थांबलं का?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

तोच आवाज. मला इतका आनंद झाला की मी ओला टॉवेल छातीशी धरून तसाच उभा राहिलो.

"पोरांना जरा बोलू द्या," म्हणून आत्याबाईंनी आम्हाला गच्चीवर पाठवलं. संध्याकाळचे पाच, सोलापूरचा मे. फरशी तापली होती आणि आम्ही दोघं अनवाणी. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, असं नाचत नाचत आमचं बोलणं झालं.

"केस चांगले आलेत," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं तेच केलं. तुम्ही?"

"मीही. मासा नाही घेतला. पण आत्या शनिवारी चामखिळीसाठी यायची, म्हणून मी वार बदलला." ती थांबली. मग मोजून तीन पावलं मागं गेली, गच्चीच्या कठड्यापर्यंत, आणि चेहरा उजेडाकडं केला. "साधारण तीन फूट होतील. आता बघा."

मी बघितलं. खड्डे कमी झाले होते, गेले नव्हते. गालावर दोन-तीन अजून होते. तिचे पाय भाजत होते तरी ती हलत नव्हती.

"पास," मी म्हणालो.

ती खाली बघून हसली, आणि पळत सावलीत गेली. आठ दिवसांत सुपारी फुटली. मी मात्र मनात पक्कं धरून बसलो होतो की तिनं गच्चीवर पहिलं वाक्य केसांवरच बोललं होतं आणि दोन टकल्यांना घरी पाठवलं होतं. माझी सगळी पुण्याई तळहाताएवढ्या टाळूवर उभी होती. टाळूला मी काळजीपूर्वक तेल लावत होतो.

लग्नाला अठरा दिवस राहिले तेव्हा अम्मा म्हणाली, "आधी तिरुपतीला जाऊन यायचं."

"जाऊ की."

"तुझे तलनीलालू द्यायचेत."

मी चहाचा कप खाली ठेवला. तलनीलालू म्हणजे देवाला वाहिलेले डोक्यावरचे केस. सगळे. वस्तऱ्यानं.

"कुणी सांगितलं?"

"मी बोललेय. गेल्या दसऱ्याला. ह्याचं लग्न ठरलं की अक्षता पडायच्या आत ह्याचं डोकं देईन म्हणून."

"अम्मा, मला विचारायचंस तरी."

"त्यात विचारायचं काय? तेव्हा तुझ्या डोक्यावर होतं काय? मला वाटलं, पोरगं नाही म्हणणार नाही. असं गेलं काय आणि तसं गेलं काय."

ती अगदी खरं बोलत होती. दसऱ्याला मी ते खुशाल देऊन टाकलं असतं.

"लग्नानंतर देऊ."

"आधी बोललेय."

"तीन कात्र्या देऊ. तीन ठिकाणी थोडे थोडे कापून देतात की."

"ते बायकांचं."

"अम्मा, हे केस देवानं दिले नाहीत. मी सहा महिने दवाखान्याचं औषध लावतोय. डोक्यात सुया टोचून घेतल्यात."

मला वाटलं, आता तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "ठाऊक आहे. टायरवाल्याची बायको माझ्या भजनात आहे."

"मग?"

"मग काय? त्यानं आधी केस दिले, मग पोरगी दिली. आता केस परत मागायलाय. पोरगी तर ठेवायलाय ना?"

मी रागानं उठलो. कप उचलताना तो तिच्याकडं सरकवला आणि म्हणालो, "घे, तूच पी. मला नको." तिनं कपाकडं बघितलं आणि तो हळूच परत माझ्याकडं सरकवला.

"पित्त अजून आहे का?" मी विचारलं.

ती पदरानं उगाचच मांडी पुसू लागली. मग मला उमगलं आणि मी पुन्हा खाली बसलो. आमची अम्मा आधी विड्या वळायची, दिवसाला हजार, आणि तिला त्यासाठी एकच गोष्ट लागायची, ती म्हणजे चहा. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तिनं चहा घेतला होता. गेल्या दसऱ्यापासून, आठ महिने, नवसापायी स्वतःचा चहा सोडून ती मला चहा करून देत होती आणि समोर बसून कोमट पाणी पीत होती. आणि मी त्या किटलीत माझा भांग बघत होतो. मला माझी फार लाज वाटली.

"कधीची गाडी आहे?" मी म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी मी बिराजदार मॅडमना विचारून आलो. मुळं आत असतात, वस्तऱ्यानं त्यांना काही होत नाही, तीन-चार महिन्यांत पुन्हा वाढतील, असं त्यांनी समजावलं. "लग्न कधी आहे?" त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

मग मी पद्मजेला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, नवस, चहा, वस्तरा. "लग्नात मी पूर्ण टकला असणार. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी समजून घेईन," असंही म्हणालो. समजून घेण्याचा माझा अजिबात विचार नव्हता.

मग ती म्हणाली, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं, ठेवते." आणि फोन बंद झाला.

त्या एका शब्दाचा मी सोलापूर ते तिरुपती विचार केला. बरं म्हणजे चालेल. बरं म्हणजे संपलं. बरं म्हणजे वडिलांना सांगते. अम्मा समोरच्या बाकावर निवांत झोपली होती.

तिरुपतीला त्या मोठ्या दालनात न्हावी रांगेनं बसले होते आणि समोर माणसंही रांगेनं. माझ्या वाट्याला आलेल्यानं डोकं ओलं केलं, बोटं फिरवली आणि तेलुगूत म्हणाला, "मागं दाट, वर पातळ. लवकर होईल." तोही तपासनीसच निघाला. सहा महिन्यांचं पीक त्यानं दोन मिनिटांत खाली उतरवलं. मी खाली बघितलं नाही.

दर्शन झालं. बाहेर आल्यावर अम्मा थेट चहाच्या टपरीवर गेली. पहिला कप तिनं उभ्यानंच, भाजत असताना, संपवला. दुसरा बसून प्यायली. तिसरा हातात धरून नुसती वास घेत राहिली. मग माझ्या डोक्यावरच्या गंधावर बोट टेकवून म्हणाली, "लहानपणी असाच दिसायचास." मला केसांचं दुःख अजून होतंच, पण त्या क्षणी ते मी कुणाला बोलून दाखवलं नसतं.

परत आलो तो पद्मजेला हळद लागलेली. त्यांच्याकडं हळद लागली की नवरीचा फोन आत्याच्या ताब्यात. मी दोनदा लावला, दोन्ही वेळा आत्याबाईंनी उचलला. दोन्ही वेळा मी मंडपाचा पत्ता विचारला.

लग्नाच्या दिवशी एक गंमत झाली. माझं डोकं बघून कुणीच हसलं नाही. उलट लोक हात जोडून "गोविंदा, गोविंदा" म्हणू लागले. म्हाताऱ्या बायका माझ्या पाया पडायला वाकू लागल्या. टक्कल पडलेल्याला कुणी नमस्कार करत नाही, तिरुपतीहून आलेल्याला सगळे करतात, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्याबाई अम्माचा हात धरून म्हणाल्या, "केवढी श्रद्धा पोराची. इतके चांगले केस, लग्नाच्या तोंडावर." अम्मानं नम्रपणे मान खाली घातली. बाशिंग तेवढं टिकत नव्हतं. दर दोन मिनिटांनी घसरून नाकावर यायचं आणि मामा ते वर ढकलायचा.

पण मला त्या सगळ्या नमस्कारांशी काही देणंघेणं नव्हतं. मला एकीचंच मत हवं होतं आणि ती पडद्यापलीकडं होती.

आमच्याकडं मुहूर्ताला नवरानवरीच्या मध्ये पडदा धरतात. जिरं आणि गूळ एकत्र कुटून त्याचा ओला गोळा करतात. भटजींनी खूण केली की पडदा तसाच ठेवून दोघांनी हात पुढं करायचे आणि तो गोळा एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचा. पडदा मग खाली येतो. म्हणजे ती मला बघण्याआधी तिचा हात माझ्या डोक्याला लागणार होता.

वाजंत्री वाढली. मी हात वर केला, गोळा तिच्या केसांवर ठेवला. पडद्यावरून तिचा हात आला, मेंदीनं रंगलेला, बोटांत जिरं-गूळ. तो माझ्या टाळूवर टेकला आणि तिथं एक क्षण थांबला. मग बोटं हळूच फिरली, मधोमध, नर्सनं मलम थापलं होतं नेमकी तिथं, आणि तिनं गोळा नीट दाबून बसवला.

पडद्यापलीकडून, मला एकट्यालाच ऐकू जाईल असा, आवाज आला. "पाऊण तास हात लावायचा नाही."

"आणि ते 'बरं' कसलं होतं?" मी तसंच विचारलं.

"आत्या शेजारी उभी होती. ती दोन स्थळं तिनंच घालवली. मला कुणी विचारलंय कधी?" मग जरा थांबून म्हणाली, "मी तुम्हाला प्लास्टिक लावलेलं असतानाच पसंत केलं होतं."

पडदा खाली आला. बोहल्यावरच्या पांढऱ्या लखलखीत दिव्यात ती समोर होती, तीन फूटसुद्धा नाही, हातभर अंतरावर. तिच्या चेहऱ्याला काहीही लावलेलं नव्हतं. पावडरसुद्धा नाही. तिनं सकाळी मेकअपवालीला परत पाठवल्याचं मला नंतर कळलं. गालावरचे ते दोन-तीन खड्डे सरळ दिसत होते आणि ती माझ्याकडं बघत होती.

याला आता सात वर्षं झाली. केस नंतर थोडे आले आणि आपल्या मर्जीनं गेले. मी त्यांच्यामागं पुन्हा कधी गेलो नाही. त्या दिवशी मात्र गोळ्यातला गूळ उकाड्यानं वितळू लागला. कपाळावरून ओघळला, भुवईवर आला, तिथून नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबू लागला. फोटोवाला ओरडत होता, "नवरदेव, पुसा." अम्मा खालून खुणा करत होती. मामानं रुमाल पुढं केला. मी कुणाचंही ऐकलं नाही आणि पाऊण तास डोक्याला हात लावला नाही.